समोर काय दिसतंय?

दूरशिक्षणात विद्यार्थी दूर असतो, विद्यापीठ त्याहून दूर असतं आणि दोघांच्या मधे फोन उचलायला मी असतो. हुद्दा ‘तांत्रिक साहाय्यक’. तालुक्याच्या गावी एका कॉलेजात, जिन्याखालच्या खोलीत आमचं अभ्यासकेंद्र आहे. ते कुठल्या विद्यापीठाचं, हे विचारू नका. पुढचं वाचल्यावर तुम्हीच म्हणाल, की नाही सांगितलं तेच बरं. माझा मोबाईल नंबर विद्यार्थी-मार्गदर्शिकेच्या शेवटच्या पानावर छापलेला आहे. विद्यार्थी त्या मार्गदर्शिकेतलं तेवढं एकच पान वाचतात.

फोन येतो तो बहुतेक असा :

“सर, साइट चालत नाहीये.”

या वाक्याचे अर्थ अनेक. रिचार्ज संपलाय, रेंज नाही, पासवर्ड आठवत नाही, पासवर्ड आठवतोय पण तो बँकेचा आहे, मुदत काल संपली, किंवा साइट खरोखरच चालत नाहीये. ही शेवटची शक्यता मी मनात सर्वांत आधी धरतो आणि तोंडानं सर्वांत शेवटी कबूल करतो. नोकरीची तशी रीतच आहे. म्हणून मी शांतपणे विचारतो, “समोर काय दिसतंय?”

“समोर? समोर गोठा आहे आमचा.”

“अहो काका, मोबाईलवर काय दिसतंय?”

“मोबाईल कानाला लावलाय ना सर!”

तांत्रिक मदतीतला सगळा पेच काकांच्या या उत्तरात आहे. ज्या यंत्रात अडचण, त्याच यंत्रातून अडचणीची तक्रार. विद्यार्थ्यानं बघितलं तर त्याला ऐकू येत नाही, आणि ऐकलं तर दिसत नाही. “स्पीकरवर टाका,” असं सांगावं, तर अडचण सुटत नाही, सार्वजनिक होते. स्पीकर लागला की घरातली सगळी माणसं फोनभोवती जमतात. सासूबाई म्हणतात, “मी म्हणतच होते, हे काय वय आहे का शिकायचं?” धाकटे दीर “मागं जा, मागं जा” असा धोशा लावतात. कुणीतरी “बंद करून चालू कर” हा अखिल भारतीय उपाय सुचवतं. शेवटी आठवीतला मुलगा “आई, आण इकडं” म्हणतो आणि मी काही बोलायच्या आत फॉर्मचं पुढचं पान उघडतो. आमच्या विद्यापीठाचा खरा तांत्रिक विभाग म्हणजे गावोगावची ही आठवीतली मुलं. त्यांना पगार नसल्यामुळे त्यांची कुठे नोंद नाही, एवढंच.

घरबसल्या शिकवायची कल्पना जुनी आहे. १८४० साली इंग्लंडमध्ये एका पेनीत देशभर कुठेही पत्र जायला लागलं, तेव्हा आयझॅक पिटमन यांनी टपालानं लघुलिपी शिकवायला घेतली. विद्यार्थी उतारा लघुलिपीत लिहून पाठवायचे, पिटमन चुका दुरुस्त करून परत धाडायचे. पत्ता हाच पासवर्ड, पोस्टमन हाच सर्व्हर. आणि तो सर्व्हर डाऊन झालाच, तर चहा घेऊन पुन्हा चालू व्हायचा. आपल्याकडे १९६२ साली दिल्ली विद्यापीठानं पत्राद्वारे अभ्यासक्रम सुरू केले. १९८२ साली हैदराबादला देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ निघालं, १९८५ साली दिल्लीत इग्नू आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं मुक्त विद्यापीठ. या सगळ्यांमागचा विचार साधा आणि थोर होता. ज्याला वर्गात येता येत नाही, त्याच्याकडे वर्गानं जावं. वर्ग निघालासुद्धा. वाटेत त्याला लॉगिन लागलं.

मधल्या काळात आकाशातूनही प्रयत्न झाले. २००४ साली इस्रोनं खास शिक्षणासाठी एज्युसॅट नावाचा उपग्रह सोडला. छत्तीस हजार किलोमीटरांवरून धडा सुखरूप खाली यायचा. अडकायचा तो शेवटच्या दहा फुटांत, कारण टीव्हीच्या खोलीची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई भाच्याच्या लग्नाला. त्या दहा फुटांतच मला नोकरी लागली आहे, त्यामुळे मी तक्रार करणार नाही.

या नोकरीत माझं एक ठाम मत झालंय. तांत्रिक अडचण नावाची गोष्ट फार थोडी असते. साइट बनवणाऱ्याच्या डोक्यात एक विद्यार्थी असतो. त्याला एकच नाव असतं, ते सगळ्या कागदांवर सारखंच लिहिलेलं असतं. त्याचा स्वतःचा मोबाईल, स्वतःचा नंबर, स्वतःचा ईमेल आणि स्वतःची खोली असते. त्या खोलीत तो निवांत बसून सूचना क्रमांक एक ते सदतीस वाचतो आणि मगच बटण दाबतो. हा विद्यार्थी मी अजून पाहिलेला नाही. आमच्याकडे प्रवेश एका व्यक्तीचा होतो, पण शिकतं अख्खं घर. मोबाईल एक, नंबर नवऱ्याचा, ईमेल भाच्यानं काढलेला, पैसे भावानं पाठवलेले आणि वेळ रात्री साडेदहाची, भांडी घासून झाल्यावरची.

पहिला अडसर ओटीपीचा. तो दहा मिनिटं जगतो. आमची विद्यार्थिनी असते गावात आणि तिच्या आधारला जोडलेला नंबर असतो नवऱ्याच्या खिशात. नवरा चाकणच्या कंपनीत. आत कॅमेऱ्याचा मोबाईल न्यायला बंदी, म्हणून मोबाईल गेटवरच्या लॉकरमध्ये. ओटीपी त्या लॉकरमध्ये जन्मतो आणि तिथेच देह ठेवतो. जेवणाच्या सुट्टीत नवऱ्याचा फोन येतो, “अगं, सहा ओटीपी आलेत, कुठला सांगू?” म्हणून आमच्या तालुक्यातले निम्मे परीक्षा फॉर्म कंपनीच्या जेवणाच्या सुट्टीत भरले जातात. तिकडे कॅन्टीनमध्ये एका हातात चपाती आणि एका हातात मोबाईल, इकडे बायकोचा अंगठा ‘सबमिट’वर, मधे कॉन्फरन्स कॉलवर मी.

कधीकधी प्रकरण आणखी अवघड असतं. आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला असतो आणि कंपनीनं तो दुसऱ्याच कुणाला देऊन टाकलेला असतो. एका होमगार्ड विद्यार्थ्यानं त्या अनोळखी गृहस्थांना सरळ फोन लावला. “दादा, तुमच्या मोबाईलवर माझा ओटीपी आलाय, तेवढा सांगता का?” दादा सुजाण निघाले. “ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, असं रिझर्व्ह बँक म्हणते,” असं बजावून त्यांनी फोन ठेवला आणि नंबर ब्लॉक केला. त्या संपूर्ण व्यवहारात नियम पाळणारा माणूस तेवढा एकच. पुढे होमगार्डांना आधार केंद्रात जाऊन नंबर बदलावा लागला. त्या रांगेत ते उभे असताना मीच त्यांना एका विषयाच्या नोट्स वाचून दाखवल्या. दूरशिक्षण इतकं दूर जाईल, असं पिटमनना वाटलं नसेल.

दुसरा अडसर नावाचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. लग्नानंतर आडनाव बदललं, मधलं नाव बदललं, आणि आधार काढणाऱ्या मुलाच्या हाताखालून जाताना स्पेलिंगही बदललं. गुणपत्रिकेवरची दीपाली ‘डी-डबल-ई’ आहे, आधारवरची दिपाली ‘डी-आय’ आहे आणि पतसंस्थेच्या पासबुकात ती सौभाग्यवती आहे. संगणकानं तिथून ‘सौ’ हे पहिलं नाव आणि ‘दिपाली’ हे वडिलांचं नाव असं उचललं आणि लाल अक्षरांत कळवलं : माहिती जुळत नाही. लग्न जमवणाऱ्यांनी सुद्धा एवढ्या बारकाईनं काही जुळवलं नव्हतं.

मी सांगितलं, “ताई, नाव बदलल्याचा पुरावा लागेल. राजपत्र किंवा विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र.”

“दोन्ही नाहीत. पण सर, लग्नात उखाणा घेतला होता की मी! त्याचा व्हिडीओ आहे. त्यात ह्यांचं पूर्ण नाव आहे. तो अपलोड केला तर?”

फाइल पीडीएफमध्येच हवी, एवढ्या एका कारणासाठी मी नाही म्हणालो. एरवी त्याहून भक्कम पुरावा मला सुचत नाही.

नावापाठोपाठ आकडे. आधारचे बारा अंक होतेच. २०२१ साली विद्यार्थ्यांचे श्रेयांक जमा ठेवणारी ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ निघाली, तिच्या खात्याचेही बाराच अंक. २०२४ पासून दूरशिक्षणात प्रवेश घ्यायचा तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा, म्हणजे डीईबीचा, आयडी हवा. शिवाय विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक. शिवाय अर्ज क्रमांक. आता बारा आणि बारा सारखेच म्हटल्यावर लोक एकाच्या जागी दुसरा टाकणारच. ‘क्रेडिट बँके’च्या नावानं तर एका आजीबाईंनी मला खोपच्यात घेऊन विचारलं, “व्याज किती देते?” त्या वयाच्या एकसष्टाव्या वर्षी बी.ए. करत होत्या आणि बचतगटाच्या अध्यक्ष होत्या. प्रश्न चुकीचा म्हणवत नाही.

ईमेल हा तर सार्वजनिक मालमत्तेचा विषय. गावातले सगळे ईमेल स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्यानं काढलेले आहेत. पासवर्ड त्यानं ठेवलेला आहे, आणि पासवर्ड विसरल्यास कोड ज्या नंबरवर जायचा, तो नंबरही त्याचाच आहे. हा माणूस तिरुपतीला गेला की चार दिवस तालुक्याचं उच्च शिक्षण थांबतं. परत येतो तेव्हा त्याचं डोकं तुळतुळीत असतं, पण त्यातले सगळे पासवर्ड शाबूत असतात.

नवा पासवर्ड करायचा म्हटलं, की साइट अटी घालते. एक मोठं अक्षर, एक लहान अक्षर, एक आकडा, एक विशेष चिन्ह. एका माजी सरपंचांना मी हे समजावत होतो.

“चिन्ह कुठलं टाकू? आमच्या पॅनेलचं कपबशी आहे.”

“ते नाही हो, अ‍ॅट द रेट टाका.”

“रेट आता नवीन पॅनेलनं वाढवून ठेवलेत.”

या अटींचं मूळ अमेरिकेत आहे. तिथल्या प्रमाणके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेत बिल बर नावाचे गृहस्थ होते. त्यांनी २००३ साली लिहिलेल्या मार्गदर्शक सूचनांतून ही चिन्हांची आणि दर थोड्या दिवसांनी पासवर्ड बदलण्याची प्रथा जगभर गेली. २०१७ साली, निवृत्तीनंतर, आपल्याला त्याचा पश्चात्ताप होतो असं त्यांनी वर्तमानपत्राला सांगितलं. त्याच वर्षी त्या संस्थेनं नियमही सैल केले. आमच्या साइटपर्यंत ती बातमी अजून यायची आहे. बहुधा तीही पत्राद्वारेच निघाली असावी.

यानंतर ‘मी रोबो नाही’ हे सिद्ध करायचं असतं. नऊ चौकोनांत चित्रं येतात. सिग्नल ओळखा, झेब्रा क्रॉसिंग ओळखा, आग विझवायचा नळ ओळखा. आमच्या गावात सिग्नल एकच आहे आणि तो बसवल्यापासून पिवळाच लुकलुकतो. झेब्रा क्रॉसिंग पालकमंत्री आले तेव्हा मारलं होतं, ते मंत्री गेल्यावर पहिल्याच पावसात गेलं. अमेरिकेतल्या फुटपाथवरचा तो लाल बुटका नळ तर इथे कुणी पाहिलेलाच नाही. एका विद्यार्थ्यानं अदबीनं विचारलं, “सर, रस्त्याच्या कडेचे सगळे म्हसोबा निवडले. एकावर शेंदूर कमी आहे, तो पण घेऊ का?” मी म्हटलं, घ्या. आणि त्याला साइटनं माणूस म्हणून मान्यता दिली.

या खेळाच्या आधीच्या अवतारात वेडीवाकडी अक्षरं ओळखावी लागायची. २००७ साली लुईस फॉन आन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात युक्ती केली. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांतले, ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या जुन्या अंकांतले, यंत्राला न वाचता आलेले शब्द लोकांपुढे टाकायचे आणि त्यांच्याकडून फुकट वाचून घ्यायचे. २००९ साली गूगलनं ते विकत घेतलं. म्हणजे त्या काळी आमच्याकडचा एखादा वॉचमन रात्रपाळीत बी.कॉम.चा फॉर्म भरता भरता अमेरिकेतलं जुनं वर्तमानपत्रही दुरुस्त करून देत असणार. त्याबद्दल त्याला परीक्षा शुल्कात सवलत द्यायला हवी होती, असं माझं प्रामाणिक मत आहे.

फोटो आणि सही अपलोड करणं ही तर ललित कला आहे. फोटो पन्नास केबीच्या आत, सही वीस केबीच्या आत. केबी म्हणजे काय, हे कुणी विचारत नाही. सगळे कात्री घेतात. फोटोतून आधी खांदे जातात, मग कान जातात, तरी केबी काही हटत नाहीत. “आता नुसतं नाक राहिलंय सर, चालेल का?” मग झेरॉक्सवाला वीस रुपये घेऊन सगळा माणूस पन्नास केबीत बसवून देतो. एकदा एका पठ्ठ्यानं फोटोच्या जागी सही आणि सहीच्या जागी फोटो टाकला. हॉल तिकीट तसंच छापून आलं. परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षक त्याच्या तोंडाकडे आणि सहीकडे आळीपाळीनं बघत होते. “जुळतंय,” असं त्यांनी शेवटी ठरवलं. त्याची सही खरोखरच गोल आणि गुबगुबीत आहे.

चूक काय येतेय ते कळावं म्हणून मी स्क्रीनशॉट मागतो. स्क्रीनशॉट कसा काढायचा, हे सांगायला लागणारा वेळ मूळ अडचणीपेक्षा जास्त असतो, म्हणून लोक शेजाऱ्याच्या मोबाईलनं आपल्या मोबाईलचा फोटो काढतात. शेजाऱ्यांशी बांधावरून वाद चालू असेल, तर तेही नाही. एका ताईंनी यावर तोड काढली. मोबाईल आरशासमोर धरला आणि मागच्या कॅमेऱ्यानं आरशाचा फोटो काढला. फोटोत त्या होत्या, मागे न्हाणीघराचं दार होतं, आणि मोबाईलची पाठ होती. सूचना कुठेच नव्हती. पण ताईंचा चेहरा बघून अडचण किती गंभीर आहे, ते मला लगेच कळलं.

रविवारी ऑनलाइन संपर्कसत्र. हजेरी घ्यायची तर पडद्यावर विद्यार्थ्यांची नावं नसतात, हँडसेटची असतात. “रेडमी नोट?” “हजर सर.” “विवो?” “कुठला विवो सर? आम्ही तिघं आहोत.” “पप्पा?” “प्रेझेंट.” “साई मोबाईल शॉपी?” “तो नेट देऊन गेलाय सर, मी बोलतेय.” मग प्राध्यापक सुरू करतात : “माझा आवाज येतोय का?” त्याला कुणी उत्तर देत नाही, कारण ज्यांना येतोय ते म्यूटवर असतात, आणि ज्यांना येत नाही त्यांना प्रश्न कळलेला नसतो. एकच माइक चालू राहतो, आणि त्यातून राज्यशास्त्राच्या तासभर व्याख्यानावर “भंगारवाले, रद्दी, जुना टीव्ही, कूलर” अशी भाष्यं ऐकू येतात. संसदेच्या कामकाजावरचा तो भाग विद्यार्थ्यांच्या सर्वांत जास्त लक्षात राहिला, असं उत्तरपत्रिकांवरून दिसतं.

२०२० साली कोरोनात सगळंच ऑनलाइन झालं, तेव्हा हे सगळं शहाण्यासुरत्या कॉलेजांनीही अनुभवलं. कोकणात रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून शिकल्याच्या बातम्या आल्या. त्याच काळात कॅमेऱ्याच्या पहाऱ्यातली परीक्षा आली. मान वळली की इशारा, आवाज आला की इशारा, चौकटीत दुसरा चेहरा दिसला की इशारा. आमच्या एका मुलाला पेपर संपेपर्यंत ‘एकापेक्षा जास्त व्यक्ती आढळल्या’ असा दम मिळत राहिला. खोलीत तो एकटा होता. मागच्या भिंतीवर आजोबांचा हार घातलेला फोटो होता. आजोबा चौथी पास होते आणि वारून बरीच वर्षं झाली होती, तरी अर्थशास्त्राच्या पेपरात ते नातवाला मदत करतायत, असा यंत्राला संशय होता. आजी म्हणाली, “जित्तेपणी कधी जवळ घेऊन बसले नाहीत पोराला. आता बसलेत तर ह्यांना खपत नाही.”

पैशांचं निराळंच. “पैसे कापले गेले, पावती आली नाही” हा फोन आला, की मी आधी पलीकडच्या माणसाला पाणी प्यायला सांगतो. घाबरून तो पुन्हा भरतो, पुन्हा कापले जातात. हे मात्र प्रत्येकानं ध्यानात ठेवावं. रिझर्व्ह बँकेनं २०१९ साली नियम घालून दिला आहे. यूपीआयनं किंवा कार्डानं केलेलं असं पेमेंट फसलं आणि पैसे खात्यातून गेले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. नाही आले, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. हा नियम मी एका कंडक्टर विद्यार्थ्याला सांगितला, तेव्हा तो लगेच म्हणाला, “मग सावकाश येऊ द्या की! फी निघून जाईल.”

आणि शेवटची तारीख. आमच्याकडे शेवटची तारीख ही फॉर्म भरायला घेण्याची पहिली तारीख समजली जाते. लोक आळशी आहेत म्हणून नव्हे. पगार, मजुरी, दुधाचे पैसे हातात आल्याशिवाय फी भरता येत नाही, आणि मुदतवाढ मिळतेच, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. त्या रात्री साइटवर नुसतं चाक फिरत राहतं. मग फोन येतो, “सर, सेशन एक्स्पायर झालं म्हणतंय. कधी झालं? काल तर बरं होतं.” मी म्हणतो, पुन्हा लॉगिन करा. पलीकडून सुस्कारा ऐकू येतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं, कारण अर्धा भरलेला फॉर्म जपून ठेवायची सोय करणं कुणाला सुचलेलं नाही.

अशा वेळी वरून एक पत्रक येतं : ‘विद्यार्थी तांत्रिकदृष्ट्या सक्षम नसल्याने सदर अडचणी उद्भवत आहेत.’ इथे माझी विनोदबुद्धी संपते. आमच्या विद्यार्थिनींपैकी पुष्कळ जणी अंगणवाडी सेविका आहेत. गावातल्या प्रत्येक लेकराचं वजन, उंची आणि आहार त्या ‘पोषण ट्रॅकर’वर भरतात. आमचे शेतकरी विद्यार्थी बांधावर उभे राहून ‘ई-पीक पाहणी’त पिकाचा फोटो टाकतात आणि सातबाऱ्यावर पेरा चढवतात. हे अ‍ॅप राज्यात २०२१ साली आलं, तेव्हा त्यांना शिकवायला कुणी जिन्याखाली बसलं नव्हतं. कंडक्टर चालत्या एस.टी.त, एका पायावर तोल सांभाळत यंत्रातून तिकीट काढतो, सवलतीचे प्रकार तोंडपाठ ठेवून. ही माणसं अक्षम, आणि मोबाईलवर ‘पुढे जा’चं बटण पडद्याच्या बाहेर ठेवणारा सक्षम?

जगात बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन वर्ग ‘मूडल’ नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर चालतात. ती २००२ साली मार्टिन डुगियामास यांनी आणली. हे गृहस्थ लहानपणी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात राहायचे, जिथे शाळा रेडिओवरून भरायची आणि वह्यापुस्तकं विमानानं यायची. म्हणजे शिकवणीपासून लांब राहणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नव्हतं. आमची साइट ज्यांनी बनवली, त्यांचं लहानपण मात्र शाळेच्या अगदी समोर गेलं असावं.

त्यांच्याकडे माझं मागणं मोठं नाही. फॉर्म अर्धा भरून ठेवता येऊ द्या. ओटीपी ईमेलवरही पाठवा आणि त्याला थोडं जास्त आयुष्य द्या. लग्न झालेल्या बाईचं नाव बदलतं, ही गोष्ट महाराष्ट्रात घडते, एवढं संगणकाला एकदा समजावून सांगा. चूक झाली की ‘अवैध’ म्हणून दरडावू नका, पुढे काय करायचं ते साध्या मराठीत लिहा. आणि वर्षातून एक दिवस, शेवटच्या तारखेला, माझ्या खुर्चीत येऊन बसा. चहा माझ्याकडून.

वाचकांनो, तुमच्याकडेही एक काम आहे. तुमच्या घरात आई, बहीण, बायको, सून किंवा शेजारचा वॉचमन असं कुणीतरी दिवसभर राबून रात्री फॉर्म भरायला बसत असेल, तर त्या माणसाला तासभर मोबाईल द्या आणि ‘या वयात कशाला’ हे वाक्य गिळून टाका. ओटीपी तुमच्या नंबरवर येणार असेल, तर मोबाईल सायलेंटवर ठेवू नका. आला की त्याच वेळी सांगा. दहा मिनिटांनी सांगितलेल्या ओटीपीवर कुणी पदवीधर होत नाही.